एकच ट्रान्सक्रिप्ट, दोन डेटाबेस: जुळवणी कशी करावी

कोकणात जमिनीचा व्यवहार नुसत्या सातबाऱ्यावर होत नाही. कागदावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो, घरात मात्र तोच तुकडा ‘फणसाखालचा कुणगा’ असतो. शेवटी बांधावर उभं राहून हद्द बघावीच लागते. एन्सेम्बल आणि रेफसेक या जनुकांच्या नोंदी ठेवणाऱ्या दोन डेटाबेसांतले ट्रान्सक्रिप्ट (जनुकावरून तयार होणाऱ्या आरएनए प्रती) जुळवतानाही नावावर जाऊ नका, हद्द बघा.

आधी दोन्ही डेटाबेसांच्या फाइली कोणत्या जीनोम असेंब्लीवरच्या (संपूर्ण डीएनएच्या संदर्भ-नकाशाच्या कोणत्या आवृत्तीवरच्या) आहेत ते पाहा. डहाणूकडच्या माझ्या एका विद्यार्थिनीने बीटा-ग्लोबिन जनुकातला सिकलसेलचा बदल शोधायला घेतला (पालघरच्या पाड्यांत हा आजार नवा नाही) आणि म्हणाली, “सर, दोन जागा येतायत.” जागा एकच होती. जीआरसीएच३७ या जुन्या असेंब्लीवर ती ११व्या गुणसूत्रावर ५२४८२३२ आहे, २०१३च्या जीआरसीएच३८ वर ५२२७००२. अशा वेळी लिफ्टओव्हर हे जागांचे आकडे बदलून देणारं साधन वापरून दोन्ही फाइली एकाच असेंब्लीवर आणा.

मग मोजणी. जीटीएफ आणि बेड हे या फाइलींचे दोन प्रकार. जीटीएफ १ पासून मोजतं, बेड ० पासून. तीच जागा बेडमध्ये ५२२७००१ ते ५२२७००२ अशी दिसते. या एका आकड्यापायी माझा अख्खा पावसाळी शनिवार गेलाय, तोही वीज येऊन-जाऊन. गुणसूत्राचं नावही बघून घ्या: कुठे ‘११’, कुठे ‘सीएचआर११’.

आता हद्द. प्रत्येक ट्रान्सक्रिप्टच्या इंट्रॉनांची (आरएनएमधून कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यांची) साखळी काढा आणि त्या साखळ्या जुळवा. जीएफएफकंपेअर नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं. पण त्याचं ‘=’ हे चिन्ह साखळी जुळली एवढंच सांगतं, दोन्ही टोकं मागेपुढे असू शकतात. म्हणून प्रथिनाचा कोड असलेला भाग वेगळा ताडून पाहा. टोकांचा फरक असेल तर नोंद करून पुढे जा. कोडमध्ये फरक निघाला तर मात्र ते दोन वेगळे ट्रान्सक्रिप्ट धरा.

प्रथिनाचा कोड असलेल्या बहुतेक मानवी जनुकांसाठी ही मेहनत दोन्ही संस्थांनी मिळून आधीच करून ठेवली आहे. ‘मेन सिलेक्ट’ यादीत बीटा-ग्लोबिनची रेफसेकचं एनएम_०००५१८.५ आणि एन्सेम्बलचं ईएनएसटी०००००३३५२९५.४ ही जोडी टोकांसकट सारखी आहे. यादी जीआरसीएच३८ ची आहे. टिंबानंतरचा आकडा आळसाने गाळू नका, आवृत्ती बदलली की अनुक्रमही (अक्षरांची ओळ) बदललेला असू शकतो. एन्सेम्बलचा ट्रान्सक्रिप्ट थेट जीनोमवरून वाचलेला असतो, रेफसेकचा स्वतंत्र अनुक्रम असतो. त्यामुळे मेनच्या बाहेर हद्द जुळूनही एखादं अक्षर वेगळं निघतं.

न जुळलेल्या नोंदी पुसू नका, वेगळ्या फाइलीत कारणासह ठेवा. त्यातल्या काहींचं न जुळणं हा नुसता भास असतो. बीटा-ग्लोबिन उलट्या धाग्यावर आहे, म्हणून जीनोमवरचा टी>ए ट्रान्सक्रिप्टवर ए>टी होतो. आणि सिकलसेलच्या बदलाची जागा जुन्या रिपोर्टात सहावं अमिनो आम्ल, नव्यात सातवं अशी दिसली तर सुरुवातीचा मेथिओनिन (प्रथिनाचं पहिलं अमिनो आम्ल) मोजलाय का ते बघा. मोजला की सात, सोडला की सहा.