ओढ्यातून गाडी काढताना
गाडी पाण्यात घालण्याआधी मी काठी घेऊन स्वतः उतरतो. तळाशी खडक आहे की गाळ, हे पायालाच कळतं. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा ओढीने पाय सरकत असतील, तर सरळ मागे फिरा. एवढ्याशा वाटेसाठी जीव धोक्यात घालू नका.

मग फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा, सावकाश चालवायचा गिअर), त्यात दुसरा गिअर, एकसारखा वेग. बॉनेटपुढे छोटी लाट उठते, तिच्या मागोमाग जात राहा; मध्येच क्लच दाबू नका. इंजिन बंद पडलंच तर पुन्हा स्टार्टर अजिबात मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे इंजिनातला पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. दोर लावून गाडी बाहेर ओढा.

पलीकडे पोचल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा, म्हणजे ते सुकतात. नंतर डिफरन्शियलचं (चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) तेल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी शिरलंय, तर लगेच बदला.