वीज आणि कोळशाच्या बातम्यांतील शब्द कसे समजून घ्यावेत

सोलापूर शहराजवळ होटगी-फताटेवाडी परिसरात एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. त्यात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन वीजनिर्मिती संच असून त्यांना लागणारे पाणी उजनी धरणातून येते. अशा प्रकल्पांविषयीच्या बातम्यांत मेगावॉट, दशलक्ष युनिट, भारांक, रेक, उष्मांक हे शब्द वाचकाला ठाऊक आहेत असे धरूनच वापरलेले असतात. ते सुटे सुटे पाठ करण्याऐवजी कोणता आकडा कशाशी ताडून पाहायचा, हे कळले की पुरते.

प्रथम आकड्यापुढचे एकक पाहावे. मेगावॉट, म्हणजे दहा लाख वॉट, हे क्षमतेचे माप आहे, तर युनिट हे प्रत्यक्ष तयार झालेल्या किंवा वापरलेल्या विजेचे. एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट खर्च होते. त्याच हिशेबाने १,३२० मेगावॉटचा प्रकल्प २४ तास पूर्ण क्षमतेने चालल्यास ३ कोटी १६ लाख ८० हजार युनिट, म्हणजेच ३१.६८ दशलक्ष युनिट वीज तयार होते. म्हणून ‘दिवसभरात अमुक मेगावॉट वीजनिर्मिती’ असे छापलेले दिसले, तर तो आकडा कोणत्या क्षणाचा आहे हे विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये.

या कमाल आकड्याच्या तुलनेत प्रत्यक्ष निर्मिती किती टक्के झाली, ते भारांक सांगतो. ७० टक्के भारांक म्हणजे वरील प्रकल्पातून दिवसाला सुमारे २ कोटी २२ लाख युनिट. मात्र भारांक घसरला म्हणजे संच नादुरुस्त झाला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि तो अनेकदा चुकतो. स्वस्त वीज आधी आणि महाग वीज नंतर घ्यायची, या क्रमवारीला ‘मेरिट ऑर्डर’ म्हणतात. मागणी कमी असेल, किंवा दुपारी सौर वीज भरपूर असेल, तर चांगल्या स्थितीतील संचही कमी भारावर चालवला जातो किंवा राखीव म्हणून बंद ठेवला जातो.

कोळशाच्या बाबतीत टनांपेक्षा उष्मांक महत्त्वाचा. एक किलो कोळसा जाळल्यावर किती किलोकॅलरी उष्णता मिळते, त्यावरून भारतीय कोळशाची जी-१ ते जी-१७ अशी प्रतवारी होते. जी-१ म्हणजे ७,००० किलोकॅलरीपेक्षा जास्त. त्यापुढे प्रत्येक प्रत ३०० किलोकॅलरींनी खाली उतरते, आणि जी-१२ ही प्रत ३,७०१ ते ४,००० यांच्या दरम्यान येते. एक युनिट विजेसाठी किती उष्णता खर्च होते, त्या मापाला ‘हीट रेट’ म्हणतात. उदाहरणादाखल तो २,३०० किलोकॅलरी आणि कोळशाचा उष्मांक ३,७०० धरल्यास, भागाकार करून युनिटमागे सुमारे ६२० ग्रॅम कोळसा लागतो असे निघते. या गणिताने पूर्ण क्षमतेच्या दिवसाला साधारण १९,७०० टन कोळसा हवा. एका रेकमधून, म्हणजे वाघिणींच्या एका पूर्ण मालगाडीतून, सुमारे चार हजार टन येतो असे धरले तर रोज पाच रेक. कोळसा हलक्या प्रतीचा आला तर रेक वाढवाव्या लागतात आणि राखही वाढते. ‘साठा आठ दिवसांचा’ या वाक्यातील दिवस असेच, रोजच्या खपाने साठ्याला भागून, काढलेले असतात; त्यामुळे तो खप कोणत्या भारांकावर धरला आहे, हेही पाहावे.

तयार झालेली सगळी वीज बाहेर जात नाही. पंप, पंखे, कोळसा दळणाऱ्या मिल यांना काही वीज प्रकल्पातच लागते. ती वजा करून उरते ती निव्वळ निर्मिती. पुढे उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून होते ते पारेषण. सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, उर्वरित देशाच्या ग्रिडशी जोडले गेले. पारेषणानंतर घरापर्यंतचे काम वितरणाचे.

महावितरणच्या बिलात स्थिर आकार वापराशी निगडित नसतो. वीज आकार आणि वहन आकार युनिटवर लागतात, तर वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे. इंधन समायोजन आकार मात्र कमी-जास्त होतो, कारण वीजखरेदीचा प्रत्यक्ष खर्च आणि वीज नियामक आयोगाने दर ठरवताना धरलेला खर्च यांतील फरक त्यातून वसूल होतो. बिल अचानक वाढल्यास आधी युनिट मागील महिन्याशी ताडावेत. ते तेवढेच असतील तर मग हा आकार पाहावा.