मूळ टायर आणि ब्रेक किती चालले: माझा अनुभव

गाडीचे मूळ टायर ५२,००० किलोमीटर चालले होते, आणि खाचांची खोली अजून ३ मिलिमीटर, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या किमान मर्यादेपेक्षा बरीच जास्त असल्यामुळे, ते आणखी वर्षभर टिकतील असे मी धरून चाललो होतो. मात्र ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच गाडी घसरू लागली, तेव्हा मी टायरच्या बाजूवर कोरलेला चार अंकी आकडा वाचला: २३१७, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षांत रबर कडक होऊन त्यावर बारीक भेगा पडल्या होत्या. झीज मोजताना मी टायरचे वय विचारातच घेतले नव्हते, आणि ही चूक मला आजही गंभीर वाटते. चारही टायर बदलले.

चाके निघालीच होती, म्हणून ब्रेकही तपासले. पुढच्या पॅडचा थर जेमतेम ३ मिलिमीटर उरला होता, मागचा निम्म्याहून अधिक शाबूत होता, कारण ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो. पुढचे पॅड नवे बसवले. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून तेही बदलले. आता दर १०,००० किलोमीटरला टायरच्या खाचांची खोली आणि पॅडची जाडी ही दोन्ही मापे वहीत नोंदवतो.