जुन्या फिल्म्स पुन्हा उघडताना

स्वतःच्या पैशांनी फिल्म करणाऱ्याजवळ काही वर्षांनी दोन गठ्ठे साठतात: झालेल्या फिल्म्सचा आणि राहून गेलेल्यांचा. मन दुसऱ्यात अडकतं, पण हात आधी पहिल्याला लावा. एखादी पटकथा का अडली याचं उत्तर बऱ्याचदा आधीच्या फिल्मच्या फूटेजमध्ये असतं.

काम मिनी-डीव्ही टेपवर (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या छोट्या कॅसेटवर) असेल तर थांबू नका. टेप कॉम्प्युटरवर उतरवायला फायरवायर (जुन्या प्रकारची केबल-जोडणी) असलेला चालू कॅमेरा लागतो आणि तो मिळणं अवघड होत चाललंय. 60 मिनिटांची टेप उतरायला 60 मिनिटंच लागतात, फाइल साधारण 13 जीबीची होते. ती मूळ डीव्ही स्वरूपातच जपा. एमपी4 फक्त पाहण्यासाठी. हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले तर टेप खराब झालेली नसते, चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत (फील्डमध्ये) साठवलेली असते. त्याचं सलग चित्र करताना, म्हणजे डीइंटरलेस करताना, 'लोअर फील्ड फर्स्ट' निवडा, नाहीतर हालचाल थरथरते. प्रती तीन हव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर. कपाटात नुसती पडून असलेली हार्ड डिस्कही बंद पडते.

मग फिल्म दोनदा पाहा. एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून. प्रत्येक खटकणाऱ्या जागेचा टाइमकोड (फिल्ममधली नेमकी वेळ) लिहा आणि त्यापुढे पटकथेत काय होतं, शूट काय झालं, कटमध्ये काय उरलं ते मांडा. स्वयंपाकघरात दोघं बोलतायत आणि प्रत्येक कटला मागची फ्रीजची घरघर बदलते, असं सापडेल. त्यावर आपण वर्षानुवर्षं 'बजेट नव्हतं' म्हणत असतो. खरं तर त्या खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून 30 सेकंद रूम टोन (रिकाम्या खोलीचा नुसता आवाज) घेतला असता तर घरघर सलग राहिली असती, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. सीनमध्ये क्लोज-अप नसेल तर दिवसाचा क्रम तपासा: वाइडचे (पूर्ण दृश्य दाखवणाऱ्या शॉटचे) टेक वाढत गेले, उजेड गेला, क्लोज-अप राहिला. रात्रीचं बाहेरचं शूट किंवा गर्दी पैशांअभावी राहिली असेल, तर ते वेगळ्या रंगाने लिहा; ती अडचण नियोजनाची नव्हे, पैशांची. ही यादी प्रामाणिक हवी, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

न झालेली पटकथा कुणाच्या कथेवर असेल तर नवा ड्राफ्ट लिहिण्याआधी करारनामा काढा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्क लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो संपतो. म्हणजे जुना कागद बहुधा मेलेला असतो. लेखक हयात नसेल तर वारसांकडून नवा करार घ्या, कारण साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकानंतरही 60 वर्षं टिकतो. हे न करता केलेली फिल्म तयार होऊनही विकता येत नाही, आणि ते दुःख न झालेल्या फिल्मपेक्षा मोठं.

आता उरलेल्या पटकथा त्या यादीशेजारी ठेवा. ज्या पटकथेतल्या अडचणी मुख्यतः नियोजनाच्या आहेत, ती आधी घ्या. तिच्यातला सगळ्यात अवघड सीन मित्रमंडळींना घेऊन एका दिवसात फोनवर शूट करा आणि कापून पाहा. तो उभा राहिला तरच निर्मात्याकडे जा, आणि जाताना पटकथेसोबत तो सीनही न्या.