साडेपाच जीबीचं काम आणि ८० केबीची फाइल

घरच्या कॉम्प्युटरवर आवाजाची नाहीतर चित्रांची खुडबुड नव्यानं सुरू केलेलं कुणी भेटलं की मी आधी एकच विचारतो, फाइल केवढी झालीये तुझी? समोरचा बावचळतो. त्याला वाटत असतं मी माइक कुठला, सॉफ्टवेअर कुठलं असलं काहीतरी विचारणार. ते मागाहून. आधी आकडा सांग.

का ते सांगतो. २०१३ ची गोष्ट आहे. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या काकानं १९९४ साली टू-इन-वनवर टेप करून ठेवलेल्या, साठ मिनिटांच्या पाच कॅसेटी, शेवटचीची एक बाजू कोरी, म्हणजे एकूण नऊ बाजू. आजी तोवर गेलेली. आत्या मागं लागली की बाबा हे त्या कॉम्प्युटरात घेऊन टाक, पट्टीला बुरशी धरायला लागली. मी तेव्हा कराडला डिप्लोमाला, घरात सेकंडहँड डेस्कटॉप, ८० जीबीची हार्डडिस्क, आणि आवाज रेकॉर्ड करायचं-कापायचं सॉफ्टवेअर, ऑडॅसिटी. का, तर फुकट. क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर मित्रानं सीडीवर दिलेलं पण त्याच्याबरोबर व्हायरस पण आला, तेव्हापासून मी क्रॅकच्या नादाला लागलो नाही आणि तुम्हीपण लागू नका, शिकणाऱ्याला त्यातली नव्वद टक्के बटणं लागतच नाहीत.

रेकॉर्डिंगचं पटकन सांगतो. टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढायची आणि कॉम्प्युटरच्या मागं निळ्या जॅकमध्ये लावायची. निळ्या. गुलाबी माइकचा असतो, तो आवाज आधीच वाढवून घेतो, त्यात टेप लावली की सगळं फाटतं. लेव्हल अशी ठेवायची की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास जाईल, लाल झालं की गेलं, फाटलेला आवाज कुठल्याच इफेक्टनं धड शिवला जात नाही. मागं घुंई असा बारीक आवाज येत असेल तर तो बहुतेक वेळा विजेचा ५० हर्ट्झचा असतो, लॅपटॉपवर करत असाल तर चार्जर काढून बघा.

खरखर काढताना मी एक गंमत केलेली. टेपची नुसती खरखर असलेला तुकडा निवडून त्याचा नमुना घ्यायचा असतो, मग ऑडॅसिटी तेवढी खरखर सगळीकडून कमी करतं. मी नमुना घेतला दोन ओव्यांच्या मधला, जिथं आजी थांबलीये पण हात चालू आहे. आत्याला हेडफोन लावून ऐकवलं, तिनं डोळे मिटून दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाली, "आणि जातं कुठं गेलं रे?" जातंच पुसून टाकलेलं मी. वर आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. तेव्हा खरखर थोडी राहू द्या, राहिली तर राहिली, जुन्या टेपला ती शोभते.

आता मुख्य खड्डा. ह्यात मी पडलो, आणि पडल्यावरही पाच-सहा दिवस कळलं नव्हतं की मी खड्ड्यात आहे.

दोन महिने रात्री बसून नऊ बाजू साफ केल्या. प्रत्येक बाजूचा वेगळा प्रोजेक्ट, 'सेव्ह प्रोजेक्ट' करत गेलो. डॉट एयूपी नावाची फाइल तयार व्हायची आणि शेजारी त्याच नावाचा, शेवटी 'डेटा' लागलेला फोल्डर. फोल्डर उघडला की आत फोल्डर, त्यात फोल्डर, आणि मग आकडे-अक्षरांची भेसळ नावं असलेल्या शेकडो बारक्या फाइली. मला वाटलं टेंपररी कचरा असणार. मग कॉम्प्युटर रखडायला लागला, दुकानातला मुलगा फॉरमॅट मारायला आला, बॅकअप घेतलास का विचारलं, मी ऐटीत सांगितलं घेतलाय की. नऊ एयूपी फाइली पेनड्राइव्हवर टाकलेल्या. एका क्षणात कॉपी झाल्या, आणि तिथंच माझी ट्यूब पेटायला पाहिजे होती.

कारण हिशोब बघा. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ, ऑडॅसिटीची नेहमीची ३२ बिटची सेटिंग, म्हणजे मिनिटाला २१ एमबी. तीस मिनिटांची एक बाजू साडेसहाशे एमबीच्या घरात, नऊ बाजू साडेपाच जीबीच्या आसपास. आणि माझ्या नऊ फाइली मिळून एक एमबीसुद्धा नाही. एकेक ८० केबीची! ८० केबीत आजीची तीस मिनिटं कशी मावतील? पण बघतो कोण, नाव दिसलं ना, 'ओव्या बाजू १', झालं.

त्या फाइलीत आवाज नसतोच. त्यात नुसता पत्ता असतो, की पहिले सहा सेकंद त्या फाइलीत आहेत, पुढचे त्या तिसऱ्या फाइलीत, इथं कापलंय, इथं आवाज वाढवलाय. माल सगळा त्या 'कचऱ्यात'. म्हणजे घराचं सामान हलवायचं म्हणून मी दारावरची पाटी तेवढी उचलून नेली. फॉरमॅटनंतर फाइल उघडली तर ऑडॅसिटीनं खोका दाखवला की आवाजाचे तुकडे सापडत नाहीत, त्या जागी शांतता भरू का? दुसऱ्या फाइलीला तेच. नवव्या फाइलीपर्यंत मी उघडत गेलो, वेड्यासारखा.

चार कॅसेटी परत घेतल्या, आणखी दीड महिना. पाचवीची पट्टी मात्र पहिल्या वेळीच शेवटाला रोलरमध्ये गुंडाळली गेलेली, मी पेन्सिल घालून सोडवायला गेलो आणि तुटली, चुरगळली. तेव्हा काही वाटलं नव्हतं, म्हणलं आता कॉम्प्युटरात आहे ना. ११ मिनिटं गेली. नशीब म्हणायचं की दुसरी बाजू कोरी होती.

घाबरू नका, तुम्हाला एवढा त्रास नाही. मार्च २०२१ मध्ये ऑडॅसिटी ३.० आलं, तेव्हापासून सगळा माल एकाच डॉट एयूपी३ फाइलीत राहतो. पण दोन गोष्टी आहेतच. प्रोजेक्ट उघडा असताना फाइल कॉपी करू नका, कारण चालू कामातलं काही शेजारच्या एका तात्पुरत्या फाइलीत असतं, प्रोजेक्ट बंद करा मग कॉपी. आणि फाइल ४ जीबीच्या वर गेली तर फॅट३२ ह्या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या साध्या पेनड्राइव्हवर ती जातच नाही, ड्राइव्ह रिकामा असला तरी नाही, तो एक्सफॅट ह्या नव्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या. आणि कुणी तुम्हाला जुना एयूपी देत असेल तर फोल्डरसकट मागा, नुसती फाइल दिली तर परत पाठवा.

एवढं होऊन अक्कल आली म्हणाल तर नाही आली. पुढच्या वर्षी गावच्या हरिनाम सप्ताहाचा फ्लेक्स मी इंकस्केप ह्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केला. महाराजांचे, कीर्तनकारांचे फोटो आत घेताना ते विचारतं, एम्बेड की लिंक, म्हणजे फोटो फाइलीतच ठेवायचा की नुसता त्याचा पत्ता? मी लिंक, फाइल हलकी राहते म्हणून. अक्षरं एका जुन्या मराठी फॉंटमध्ये, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या जातीतला, ज्याच्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. तालुक्याच्या डीटीपीवाल्या काकांकडं फाइल नेली, त्यांनी कोरल ह्या त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. फोटोंच्या जागी रिकामे चौकोन, आणि 'अखंड हरिनाम सप्ताह'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. काका दोन मिनिटं स्क्रीनकडं बघत बसले आणि म्हणाले, "महाराज आले नाहीत वाटतं अजून."

तेच की! पुन्हा पत्ताच नेला होता मी. फोटो घरी, फॉंट घरी.

काकांनी शिकवलं काहीच नाही, नुसते बोलले, "फाइल आणायची नाही, फोल्डर आणायचा," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. माझ्या मते असाच गुरू बरा. दहा मिनिटांत ग्राफिक्स शिका म्हणणारे व्हिडिओ मी शेकड्यानं बघितलेत, ग्लो कसा द्यायचा, सोनेरी अक्षर कसं करायचं, सगळं सांगतात, फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडेल का हे एकजण सांगत नाही. क्लासची तीच तऱ्हा, तिथं सगळ्या मशीनवर तेच फॉंट असतात म्हणून चूक कधी दिसतच नाही. पैसे भरून शिकायचं असेल तर शिका बापडे, माझी ना नाही, पण त्याच पैशात एक एक्स्टर्नल हार्डडिस्क येते.

तर छापायला देताना अक्षरांचे पाथ, म्हणजे नुसते आकार, करून टाका, इंकस्केपमध्ये 'ऑब्जेक्ट टू पाथ', कोरलमध्ये कंट्रोल क्यू, पण आधी मूळ फाइलची कॉपी ठेवा, कारण पाथ झाल्यावर 'सप्ताह'चा 'सत्पाह' झालेला दिसला तर टाइप करून दुरुस्त होत नाही. फोटो एम्बेड करा. फॉंट युनिकोडच वापरा, मुक्ता आहे, बालू आहे, फुकट आहेत आणि जोडाक्षरं नीट येतात. गिंप ह्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेव्ह' केलं की फक्त त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल होते, जेपीजीसाठी वेगळं 'एक्सपोर्ट' करावं लागतं, हे २०१२ च्या २.८ पासून आहे आणि ह्यावरून मी पण त्यांना भरपूर शिव्या दिल्यात, पण बरोबर होते ते. जेपीजी दर वेळी उघडून सेव्ह केली की थोडी थोडी खराब होत जाते, लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, तर पहिल्याच फटक्याला जातात. आवाजाचं एमपी३ तसंच. काम एक्ससीएफवर आणि आवाजाच्या न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही फाइलीवर, वाटायला जेपीजी आणि एमपी३.

आणि बॅकअप घेतला म्हणजे कॉपी केली असं नाही. तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला, शेजाऱ्याच्या, मित्राच्या, लावा आणि तिथं फाइल उघडून वाजवून बघा. शेवटापासून वाजवा, सुरुवात सगळेच वाजवतात. मला अजूनही दर वेळी ह्याचा कंटाळा येतो.

पाचव्या कॅसेटची ती ८० केबीची फाइल मी टाकलेली नाही. उघडली की सपाट रेघ येते, बरोब्बर तीस मिनिटांची, आणि खाली मी तेव्हा टाइप केलेली लेबलं, कारण लेबलं पत्त्याच्या फाइलीतच राहतात. 'ओवी ३, भावाची'. 'इथं कोंबडा, काढायचा'. आणि त्या गेलेल्या ११ मिनिटांत एक, 'आजी हसली, ठेवायचं'.