मंडळीत (चर्चमध्ये) कुणी पार खचलंय, तर आपण काय करायचं

पहिलं म्हणजे बायबलची वचनं फॉरवर्ड करणं थांबवा, आणि "तुझा विश्वास कमी पडतोय" हे तर चुकूनही बोलू नका. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, कुणी शब्द काढला नाही, गडबड झाली ती नंतर तोंड उघडल्यावर. तसंच बसा. डबा न्या. एलीया संदेष्टा झुडपाखाली "आता मला मरू दे" म्हणत पडला होता तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही, भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला घातलं (बायबलमधला १ राजे, अध्याय १९ काढून बघा).

मग सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक, गोळ्या लांब ठेवा, "कुणाला सांगणार नाही" असला शब्द देऊ नका, घरच्यांना सोबत घेऊन डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पाळकसाहेबांना जरूर बोलवा, पण डॉक्टरच्या ऐवजी नाही, आणि गोळ्या बंद करून उपास धर म्हणणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावा.

प्रार्थना विचारून करा, छोटी. बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचता येईल, ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, उगाच गोड शेवट नाही. आणि दोन आठवड्यांनी परत जा, तोवर बाकीचे यायचे बंद झालेले असतात.