हिमनद्यांच्या खोऱ्यातील डेब्रिस फ्लोचे मॉडेल : या चुका टाळा

ठाण्यातल्या किंवा बेलापूरमधल्या कार्यालयात बसून उत्तराखंडातील एखाद्या जलविद्युत प्रकल्पासाठी डेब्रिस फ्लोचे, म्हणजे दगड, माती, बर्फ आणि पाणी यांच्या एकत्रित लोंढ्याचे, मॉडेल करता येते. अडचण अशी, की सॉफ्टवेअर कोणतीही माहिती निमूटपणे स्वीकारते आणि रंगीत नकाशा काढून देते. चूक बहुधा समीकरणांत नसते. ती आपण पुरवलेल्या भूप्रदेशात आणि गृहीत धरलेल्या सुरुवातीत असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे धोक्याचे कारण केवळ पावसात शोधणे. मुंब्रा किंवा पारसिकच्या डोंगराची सवय असलेल्यांना दरड म्हणजे जुलै महिन्यातली गोष्ट वाटते, आणि हीच समजूत नकळत हिमालयातही नेली जाते. चमोली जिल्ह्यात 7 फेब्रुवारी 2021 रोजी, ऐन हिवाळ्यात, रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे 2.7 कोटी घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला. त्यात बर्फाचा वाटा साधारण एक पंचमांश होता. घसरताना झालेल्या घर्षणाने तो बराचसा वितळला आणि त्या पाण्यामुळे कोरड्या कोसळीचे रूपांतर ऋषिगंगेतून धावणाऱ्या लोंढ्यात झाले. तेथे फुटायला हिमसरोवरही नव्हते, त्यामुळे ज्यांनी फक्त सरोवरांची यादी करून धोका मोजला असता त्यांच्या नकाशात हे खोरे सुरक्षितच दिसले असते. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक येथे सरोवर होते. पण काठावरचा गोठलेला मोरेन, म्हणजे हिमनदीने साठवलेला दगडमातीचा ढीग, आत कोसळून उठलेल्या लाटेने बांध फुटला आणि पुढे चुंगथांगचे धरण वाहून गेले. म्हणून कोसळणे, लाट, बांधाचा भंग आणि लोंढा ही साखळी पूर्ण मांडावी. खडक, बर्फ आणि पाणी वेगवेगळे धरणाऱ्या आर.अवाफ्लोसारख्या बहुप्रावस्था मॉडेलमध्ये ती एकत्र चालवता येते. अन्यथा प्रत्येक टप्प्याचा शेवटचा प्रवाह पुढच्या टप्प्याला सुरुवात म्हणून द्यावा.

आकारमान पायथ्यापर्यंत स्थिर राहील असे मानणे हीदेखील तितकीच घातक सवय आहे. वाटेतला सैल गाळ उचलत लोंढा मूळच्या कित्येक पट वाढू शकतो. तळ खरवडला जाण्याचा पर्याय बंद ठेवला, तर खालच्या गावाजवळची उंची आणि वेग दोन्ही कमी दिसतील.

आता डीईएमकडे, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या अंकीय नकाशाकडे. ॲलॉस उपग्रहावरील पालसार या यंत्राच्या रडार प्रतिमांबरोबर मिळणारा 12.5 मीटरचा डीईएम पाहून अनेकांना अधिक तपशील हाती लागल्याचा आनंद होतो. परंतु भारतासाठी तो फेब्रुवारी 2000 मधील एसआरटीएम या अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीच्याच माहितीचे लहान चौकोनांत केलेले पुनर्वाटप आहे. तपशील तेवढाच राहतो, आणि हिमनदीची पातळी दोन दशकांपूर्वीची असते. शिवाय त्यातील उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर एलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती लंबगोल पृष्ठापासून, मोजलेली असते. खात्री करण्यासाठी हिमालयात जाण्याची गरज नाही : ठाणे खाडीचा तुकडा उघडावा, काठाची जमीन उणे साठ मीटरच्या आसपास दिसेल. असा डीईएम समुद्रसपाटीपासून मोजलेल्या पूलउंचीशी किंवा धरणाच्या पातळीशी जुळवला, तर निष्कर्ष कित्येक मीटरने चुकतो.

मीटरमध्ये नकाशा मांडण्याच्या यूटीएम पद्धतीचा चुकीचा पट्टा हीसुद्धा आपल्याकडची खास चूक आहे. ठाणे, नवी मुंबई 43 उत्तर पट्ट्यात येतात आणि जुन्या प्रकल्पाची फाइल पुढे वापरली की तोच पट्टा कायम राहतो. चमोलीला 44 आणि सिक्कीमला 45 लागतो. अक्षांश-रेखांशातला डीईएम रूपांतर न करताच दिला असेल, तर सगळा प्रदेश जवळपास 90 अंशांच्या उताराचा दिसतो. ते लक्षण पाहिले, की पुढचे काही तपासण्याआधी तेथेच थांबावे.

लोंढा अर्ध्या वाटेत अचानक अडकत असेल, तर घर्षणांक बदलण्याआधी त्या जागेचा उभा छेद काढावा. वीस मीटर रुंदीची घळ 30 मीटरच्या चौकोनात मावत नाही, आणि तेथे उभा राहिलेला खोटा बांध लोंढा अडवतो. खड्डे भरण्याची नेहमीची प्रक्रिया अशा बांधामागे सपाट मैदान तयार करून परिस्थिती आणखी बिघडवते. घळीचा तळ हाताने कोरून घेणे कंटाळवाणे आहे, पण उपाय तोच.

लोंढ्याचा रोध मोजण्याच्या वोल्मी पद्धतीत म्यू (कोरडे घर्षण) आणि क्साय (वेगाबरोबर वाढणारा रोध) या दोन गुणांकांच्या अनेक जोड्या लोंढ्याला एकाच ठिकाणी थांबवू शकतात. त्यामुळे केवळ शेवटची सीमा जुळली म्हणून समाधान मानू नये. वळणावर बाहेरच्या काठाला उरलेल्या चिखलाच्या खुणांवरून वेग काढून तोही पडताळावा. एका खोऱ्यात जुळलेले गुणांक दुसऱ्या खोऱ्यात जसेच्या तसे वापरण्याचा मोह टाळावा, विशेषतः बर्फाचे प्रमाण वेगळे असेल तेव्हा. आल्प्समधील हिमसरोवरांच्या डेब्रिस फ्लोसाठी सरासरी 11 अंश ही किमान उताराची मर्यादा वापरली जाते. ती ढोबळ पडताळणीला चालेल, पण चमोलीचा लोंढा त्यापेक्षा कितीतरी सपाट वाटेवर दूरवर गेला, म्हणून ती सुरक्षिततेची रेषा म्हणून आखू नये. अहवालात एकच सीमारेषा देण्याऐवजी लहान, मध्यम आणि मोठ्या आकारमानाचे तीन नकाशे द्यावेत, आणि प्रत्येकाखाली गृहीत आकारमान, डीईएमचे वर्ष व गुणांक छापावेत.